अवघड कुत्र्याला घर शोधताना

'दोन वर्षांचा नर, गोड चेहरा, खूप प्रेमळ, फक्त अनोळखी माणसांना थोडा घाबरतो. कृपया शेअर करा.' अशा मजकुरावर फोन भरपूर येतात. त्यातून गेलेला कुत्रा मात्र पुष्कळदा महिन्या-दीड महिन्यात परत येतो. नेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नसतो, कारण 'थोडा घाबरतो' म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पाहुणा आला की तो पलंगाखाली जाऊन बसतो, की पाहुण्याची पाठ वळली की पोटरीला दात लावतो? आपल्याकडे दोन्हीला 'घाबरतो'च म्हणतात.

अशा कुत्र्यासाठी घर बघताना माणसं किती मायाळू आहेत याच्याआधी एक हिशेब करायचा असतो: ज्या गोष्टीनं हा कुत्रा बिथरतो, ती गोष्ट या घरात दिवसातून किती वेळा त्याच्यासमोर येणार? दिवसाला दहा वेळा येणार असेल तर कितीही प्रेमळ कुटुंब थकून जातं. आठवड्याला एकदा येणार असेल तर साधंसुधं, पहिल्यांदाच कुत्रा पाळणारं घरही निभावून नेतं.

आधी पशुवैद्य, मग जाहिरात

दुखणारा कुत्रा चावतो. कान सडलेला असेल तर डोक्याला हात लावू देत नाही, दाढ दुखत असेल तर खाताना कुणी जवळ आलेलं चालत नाही, कमरेच्या सांध्यात दोष असेल तर उचलायला गेलं की गुरगुरतो. गोचीडतापात कुत्रा सुस्त आणि चिडचिडा होतो, आणि लोक त्याला 'मूडी' म्हणतात. म्हणून पूर्ण तपासणी, रक्ततपासणी, कान, दात, सांधे एवढं होईपर्यंत 'वागणुकीची अडचण' हा शिक्का मारू नका.

रेबीजची आणि बाकीची लस देऊन घ्या. कुठून आला हे माहीत नसेल तर घरातल्या इतर कुत्र्यांपासून निदान दोन आठवडे वेगळा ठेवा. नसबंदी झाल्याशिवाय कुत्रा द्यायचा नाही, विशेषतः जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरियन, लॅब्रॅडॉर अशा जातीचा असेल तर. 'फुकट मिळतोय' म्हणून फोन करणाऱ्यांत पिल्लं काढून विकणारेही असतात आणि नसबंदी झाली आहे म्हटल्यावर ते आपोआप गळतात. मात्र नसबंदीनं भीतीपोटी चावणं थांबेल अशी आशा धरू नका, आणि नेणाऱ्यांनाही तशी आशा लावू नका. नराच्या बाबतीत आणखी एक: शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेव्हा नसबंदी न झालेली मादी असलेल्या घरी त्याला लगेच पाठवू नका.

आणि याही आधीचा एक प्रश्न. रस्त्यावर वाढलेला, माणसाचा हात अंगाला लागला की दगडासारखा थिजणारा प्रौढ कुत्रा घरात राहायला तयार आहे का? 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच जागी परत सोडण्याची पद्धत आहे. ज्याची वस्ती ठरलेली आहे, ज्याला खायला घालणारी माणसं आहेत, त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडणं हा उपकार नव्हे.

वही

कुत्रा कुणाच्या तरी घरात निदान चार ते सहा आठवडे राहिलेला हवा. पिंजऱ्यात किंवा शेल्टरमध्ये दिसणारं वागणं घरातल्या वागण्यापेक्षा फार वेगळं असतं. शिवाय नव्या जागी पहिले दोन आठवडे बरीच कुत्री दबून राहतात, खरा स्वभाव तिसऱ्या आठवड्यापासून बाहेर येतो. चौथ्या दिवशी 'एकदम शांत आहे' असं लिहून मोकळं होणं हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा उतावळेपणा.

या काळात वही ठेवा. प्रत्येक घटनेची एक ओळ पुरते: तारीख, वेळ, समोर कोण होतं, किती अंतरावर, कुत्र्यानं काय केलं, शांत व्हायला किती वेळ लागला. हे शेवटचं टिपायला लोक विसरतात, आणि तेच फार कामाचं असतं. भुंकून दोन मिनिटांत वास घ्यायला लागणारा कुत्रा आणि पुढचा तासभर धापा टाकत फिरणारा कुत्रा, दोघांनाही 'दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतो' एवढंच म्हटलं तर नेणाऱ्याला काहीच कळत नाही.

एकटं राहण्याची चाचणी मोबाइल लावून करा. फोन टेबलावर रेकॉर्डिंगला ठेवून आधी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं, मग तासभर बाहेर जा. एकटेपणाची खरी भीती असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच दिसते: दार खरवडणं, लाळ गळणं, सतत येरझाऱ्या, रडका ओरडा. दीड तास झोपून मग उशी फाडणारा कुत्रा कंटाळलेला असतो. त्याला चघळायला काहीतरी आणि सकाळची लांब फेरी दिली की भागतं. पहिल्या प्रकाराला मात्र महिनोन्महिने काम लागतं, अनेकदा औषधही. फ्लुओक्सेटीनसारखं औषध पशुवैद्यानं दिलं असेल तर त्याचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि ते मनानं एकदम बंद करायचं नसतं, हे नेणाऱ्याला स्पष्ट सांगायला हवं. औषध चालू आहे हे लपवून दिलेला कुत्रा गोळ्या संपल्यावर वेगळाच दिसायला लागतो.

चावला असेल तर कसा चावला हे टिपा. पशुवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी यासाठी जगभर वापरतात. पहिली पायरी म्हणजे हवेत दात वाजवणं, अंगाला न लागता. दुसरीत दात लागतात पण छिद्र पडत नाही. तिसरीत एका चाव्यात एक ते चार छिद्रं, सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत त्याहून खोल जखम, म्हणजे चावून धरलेलं किंवा झटकलेलं. पाचवीत अनेक खोल चावे, सहावीत मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांच्या कुत्र्याला नीट निवडलेलं घर मिळू शकतं. तिसरीला अनुभवी, लहान मुलं नसलेलं घर हवं आणि मुसक्याची सवय आधी लावलेली हवी. चौथी आणि त्यापुढे असेल तर जाहिरात करूच नये. त्या कुत्र्याचं काय करायचं हे पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ यांच्यासोबत बसून ठरवायचं, फोनवरच्या अनोळखी माणसासोबत नव्हे.

कुणालाही दात लागून ओरखडा जरी आला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून माणसाची लस परस्पर टाळू नका, डॉक्टरांना ठरवू द्या.

मुसकं जाळीचं घ्या, ज्यातून कुत्र्याला जीभ बाहेर काढता येते, पाणी पिता येतं. कापडी मुसक्यात तोंड बंद राहतं, धाप टाकता येत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं. सवय लावायला जाळीच्या आत थोडं दही लावा आणि कुत्र्याला आपणहून नाक घालू द्या. पट्टा बांधण्याची घाई नको. नाक घालून तो दहा-पंधरा सेकंद चाटत राहायला लागला की मग एक सेकंद पट्टा लावून काढायचा, आणि तिथून वाढवत न्यायचं. यात दोन आठवडे सहज जातात.

मजकूर कसा लिहायचा

आता वहीतून मजकूर तयार होतो. समजा कुत्र्याचं नाव शेरू आहे:

'शेरू, गावठी, नर, अंदाजे 3 वर्षं, 19 किलो, नसबंदी व लसीकरण झालेलं. घरात शांत, शी-शू बाहेरच करतो, सहा तास एकटा राहतो. ओळखीच्या माणसांजवळ लोळतो. अडचण एक: पट्ट्यावर असताना दुसरा कुत्रा 20 फुटांच्या आत आला की जोरात भुंकतो, ओढतो. 40 फुटांवरून जाऊ देतो. अडचण दोन: हाडूक किंवा चोरलेली वस्तू तोंडात असताना हात नेला तर गुरगुरतो. एकदा हाताला दात लावले, छिद्र पडलं नाही. ताटातलं खाताना काही करत नाही. लिफ्टमध्ये जाऊ नये. घरात दुसरा कुत्रा नको, दहा वर्षांखालचं मूल नको. तळमजला, बंगला किंवा रो-हाऊस असेल तर उत्तम.'

फोन चार-पाचच येतील. तेच हवेत. गुण आधी लिहिलेत कारण ते खरे आहेत आणि त्यांनीच माणूस पुढचं वाचतो. पण अडचणीत 'कधीकधी', 'थोडं', 'शक्यतो' हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. फोटोंसोबत एक व्हिडिओ अडचणीचाही ठेवा आणि तो भेटीआधी फोन करणाऱ्याला पाठवा. तो बघून जे माघार घेतात ते महिन्यानंतर माघार घेणारच होते.

'बिचारा', 'कुणालाच नको असलेला', 'आज घर मिळालं नाही तर' असला मजकूर टाळा. दयेपोटी नेलेला कुत्रा आणि विचार करून नेलेला कुत्रा यांच्या परतीच्या तारखा वेगळ्या असतात.

घर वाचायचं कसं

फोनवर 'तुम्हाला कुत्री आवडतात का' हा प्रश्न वाया जातो, हो म्हणायलाच फोन केलेला असतो. त्याऐवजी त्यांचा साधा दिवस विचारा. सकाळी दार किती वेळा उघडतं? दूध, कचरा, पेपर, भांड्यांच्या मावशी, स्वयंपाकाच्या काकू, मुलांचा क्लास, रात्रीचं पार्सल. अनोळखी माणसांवर भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी पुण्या-मुंबईतलं भरलेलं घर म्हणजे दिवसाला पंधरा परीक्षा. मावशी कुत्र्याला भितात का, हे स्वतंत्र विचारा. मावशींनी काम सोडलं की कुत्रा घरात टिकत नाही, हे कुणी उघड बोलत नाही, पण होतं तसंच.

आजी-आजोबा घरी असतील तर त्यांच्याशी थेट बोला. मुलगा 'आईची काही हरकत नाही' म्हणतो, आणि दिवसभर कुत्र्यासोबत असते ती आईच. ओढणाऱ्या 30 किलोच्या कुत्र्याला फिरवायला सत्तरीचे काका नकोत, मग त्यांचा उत्साह कितीही असो.

इमारतीबद्दल खोदून विचारा. कितवा मजला, लिफ्ट केवढी, जिना किती रुंद, त्याच मजल्यावर दुसरं कुत्रं आहे का, पार्किंगमध्ये सोसायटीची भटकी कुत्री किती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत. हा हक्क नेणाऱ्यांना माहीत असावा. पण लिफ्टचं दार उघडलं, आत शेजारचं बीगल उभं, आणि शेरू तीन फुटांवर, या क्षणी परिपत्रक कामाला येत नाही. तिथे पहिल्या मजल्याचा जिनाच कामाला येतो. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग वर्षाचं विचारा. गणपतीला गावी जाता का, उन्हाळ्यात किती दिवस बाहेर, तेव्हा कुत्रा कुठे? चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला बहुतेक बोर्डिंगवाले घेत नाहीत, म्हणून नाव आणि चेहरा असलेला एक माणूस हवा, 'बघू कुणीतरी' चालणार नाही. घरात लग्न, बाळ, बदली, परदेशी जाणं यातलं काही दिसतंय का? खर्चाचंही तुमच्याकडच्या ताज्या बिलांवरून आकड्यात सांगा: खाणं, औषध, प्रशिक्षक.

फार्महाऊसबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण अवघड कुत्रा म्हटलं की दर दुसरा माणूस तेच सुचवतो. 'मोकळी जागा आहे, मजेत राहील.' प्रत्यक्षात मालक शनिवार-रविवारी येतो, बाकी पाच दिवस रखवालदार भात-चपाती टाकतो, आणि कुत्रा चावरा आहे कळल्यावर दिवसभर साखळीला बांधतो. बांधलेला, घाबरट कुत्रा आणखी चावरा होतो. कुंपण नसेल तर पहिल्या आठवड्यात पळतो. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या कुत्री नेतो, ते वेगळंच. शेतावरचं घर चालतं, पण तिथे माणूस रोज राहणारा हवा, कुंपण सहा फुटी आणि खालून बुजवलेलं हवं, आणि रात्री कुत्र्याला आत घेणार का याचं उत्तर 'हो' हवं.

तीन भेटी

पहिली भेट कुणाच्याच घरी नको. मोकळं मैदान, दुपारी दोन ते चार, रस्ते शांत असतात. घरातली सगळी माणसं आलेली हवीत, नंतर परिचय करून द्यायला 'राहिलेले बाबा' नकोत. सगळ्यांनी एकाच दिशेनं चालायचं, कुत्र्यापासून वीस-तीस फूट बाजूनं, त्याच्याकडे न बघता. अंतर कुत्रा कमी करेल. तो जवळ येऊन वास घेत असताना हात पुढे करायचा नाही, खाली वाकायचं नाही. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे जमिनीवर टाकायचे.

बघायचं काय? शेपूट हलतेय म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. ओठ चाटणं, अवेळी जांभई, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, अंग ताठ होऊन क्षणभर श्वास रोखल्यासारखं थांबणं, या सगळ्या 'पुरे' म्हणण्याच्या पद्धती. नेणारे त्या शिकायला तयार आहेत का, तेही इथेच कळतं. चार वेळा सांगूनही जो डोक्यावरून हात फिरवतोच, त्याला हा कुत्रा नको. आणि गुरगुरला म्हणून फटका मारायला सुचवणाऱ्याला तर मुळीच नको. गुरगुर दाबली की कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

दुसरी भेट त्यांच्या आवारात: गेट, पार्किंग, जिना, वॉचमन. तिसरी घरात, दोनेक तास, तुम्ही सोबत. घरात मांजर किंवा दुसरा कुत्रा असेल तर या दोन भेटींमध्ये आणखी भेटी घाला, घाई करू नका.

नेण्याचा दिवस

दिवाळीच्या आधीचे दहा दिवस आणि तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ सोडून द्या, फटाके तोवर वाजतच असतात. गणपतीचे दिवस आणि ढोल-ताशांचा सराव चालू असलेली गल्लीही टाळा. रविवार नको, बघायला नातेवाईक जमतात. ज्याला पुढचे तीन-चार दिवस घरी राहता येईल त्याच्या सोयीचा साधा वार बरा. रेल्वेनं न्यायचं असेल तर कुत्रा एसी फर्स्टच्या पूर्ण कूपेमध्ये नाहीतर गार्डच्या डब्याजवळच्या पेटीत जातो. घाबरट कुत्र्याला ती पेटी नको, मोटारीची सोय बघा.

कुत्रा निसटतो तो बहुतेक पहिल्या काही दिवसांत, गाडीच्या दारातून किंवा घराच्या. मागे मागे सरकत डोकं काढून घेणारे असतात, त्यांना साधा पट्टा पुरत नाही. ओढला की आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि छातीवरून इंग्रजी वाय आकारात जाणारा हार्नेस, दोन्हींना स्वतंत्र दोरी, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. घरातही पहिला आठवडा चार-पाच फुटांची हलकी दोरी लावलेली राहू द्या, म्हणजे सोफ्याखालून काढायला मानेला हात घालावा लागत नाही. ही दोरी कुणी घरात जागं असतानाच. रात्री काढून ठेवा, अडकून गळफास बसतो.

पहिल्या दिवशी अंघोळ नाही, नखं नाहीत, पाहुणे नाहीत. खाणं आठवडाभर जुनंच द्या, मग पुढच्या सात दिवसांत थोडं थोडं नवं मिसळा. त्याची जुनी चादर न धुता सोबत द्या.

कागद आणि नंतरचे फोन

करार साध्या कागदावर चालतो, पण त्यात चार गोष्टी हव्यात: चावण्याचा इतिहास आणि अडचणी जशाच्या तशा, त्याखाली नेणाऱ्याची 'वाचलं, समजलं' म्हणून सही; कुत्रा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, द्यायची वेळ आली तर तुमच्याकडेच परत; दोन्ही बाजूंच्या ओळखपत्राच्या प्रती; आणि चाचणीचा काळ. हा काळ सहा आठवड्यांचा ठेवा. दोन आठवड्यांची चाचणी म्हणजे दबलेल्या कुत्र्याची चाचणी. इतिहास लेखी देणं तुमच्याही बचावाचं आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली प्राण्याबाबत हलगर्जी करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते, आणि उद्या कुणी चावलं गेलं तर 'आम्हाला सांगितलंच नव्हतं' हे पहिलं वाक्य असतं.

फोन पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी करा. त्यानंतर सगळे निवांत होतात आणि नेमक्या तिसऱ्या आठवड्यात कुत्रा पहिल्यांदा सोफ्यावरून गुरगुरतो. त्या आठवड्यात दोनदा फोन करा, आणि 'कसा आहे' असं न विचारता 'काल कुणावर भुंकला' असं विचारा. 'मस्त आहे' एवढंच उत्तर सलग येत असेल तर एकदा जाऊन या.

सहा आठवडे नीट गेले की महापालिकेचा परवाना त्यांच्या नावावर काढून घ्या आणि कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर पंधरा आकडी क्रमांकाच्या नोंदीत त्यांचा फोन नंबर बदलून घ्या. हे राहून गेलं तर हरवलेला कुत्रा सापडल्यावर फोन तुम्हाला येतो.

परत आला तर भांडू नका. नेणाऱ्यांना शांतपणे बसवून काय झालं ते तारीख, वेळ, अंतर यांसह लिहून घ्या. रागावलात तर ते अर्धंच सांगतील. आठ-दहा दिवस कुत्र्याला नुसती झोप आणि जुनी दिनचर्या द्या, वहीत नवी पानं जोडा, आणि जाहिरातीतला मजकूर त्यानुसार बदलल्याशिवाय पुन्हा टाकू नका.